साक्षी आणि प्रेक्षक : ‘द साइन ऑफ द क्रॉस’ आणि हौतात्म्याच्या दर्शनाचा प्रश्न

सेसिल बी. डमिल यांच्या ‘द साइन ऑफ द क्रॉस’ (१९३२) या चित्रपटाचा अखेरचा भाग नीरोच्या रोममधील रिंगणात घडतो. तळघरात कोंडलेले ख्रिस्ती आपल्या पाळीची वाट पाहत आहेत आणि वर वाळूवर खेळ सुरू आहेत. ग्लॅडिएटर एकमेकांना मारतात. हत्तीचा पाय माणसाच्या मस्तकावर येतो. फुलांच्या माळांनी बांधलेली एक तरुणी मगरींपुढे पडलेली आहे, दुसरी गोरिलासमोर खांबाला जखडलेली आहे. ही दृश्यमालिका बरीच दीर्घ आहे. ती संपल्यावर नायिका मर्सिया आणि तिच्यावरील प्रेमापोटी तिच्यासोबत मरण पत्करणारा रोमचा प्रीफेक्ट मार्कस हे दोघे हातात हात घेऊन रिंगणाकडे जाणाऱ्या पायऱ्या चढतात. दार मिटते. मिटलेल्या दारावर प्रकाशाचा क्रूस उमटतो आणि चित्रपट संपतो. या दोघांचे मरण प्रेक्षकाला दिसत नाही. ज्यांना नाव नाही आणि ज्यांच्या वाट्याला एखादे वाक्यही आलेले नाही, अशा माणसांची मरणे, निदान मरणाच्या उंबरठ्यापर्यंतचा त्यांचा प्रवास, त्याने नुकताच बारकाव्यांसह पाहिलेला असतो.

ही विषमता चित्रपटनिर्मितीतील एक रूढ संकेत म्हणून सोडून देता येईल. प्रेक्षकाने ज्यांच्याशी तादात्म्य साधले त्यांचे विटंबित देह त्याला दाखवू नयेत, हा व्यापारी शहाणपणाचा भाग आहे. तथापि ज्या विषयाशी हा चित्रपट भिडतो त्या विषयाच्या संदर्भात हा संकेत निरुपद्रवी राहत नाही. हौतात्म्य ही मुळातच पाहण्याशी बांधलेली कल्पना आहे. रोमन राज्यव्यवस्थेने ख्रिस्ती माणसांना केवळ मारले नाही, त्यांना मारताना दाखवले. जे ‘दाखवण्यासाठी’ घडले ते पुन्हा दाखवताना कलावंत कोणाच्या बाजूने उभा राहतो, हा प्रश्न म्हणून उपस्थित होतो. पडद्यावर क्रूरता किती असावी, हा अभ्यवेक्षण मंडळाचा प्रश्न झाला. येथे प्रश्न जागेचा आहे: पाहणारा कोणत्या जागेवरून पाहतो, आणि ती जागा रिंगणाभोवतीच्या दगडी पायरीहून खरोखरच वेगळी आहे काय?

प्रश्नाची गुंतागुंत शब्दांतच दडलेली आहे. इंग्रजीत व अन्य युरोपीय भाषांत रूढ झालेली ‘मार्टर’ ही संज्ञा ज्या ग्रीक शब्दावरून आली, त्याचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. न्यायालयात उभा राहून पाहिलेले वा जाणलेले सांगणारा, तो मार्टर. पुढे हे सांगणे प्राणांवर बेतू लागले तेव्हा ‘प्राण देऊन साक्ष देणारा’ असा अर्थ त्याला चिकटला. मराठीने या ठिकाणी स्वीकारलेला ‘हुतात्मा’ हा शब्द वेगळ्या मुळातून येतो. तो यज्ञातून येतो. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. या शब्दात त्याग आहे, अग्नी आहे, परंतु साक्ष नाही. उलट ‘साक्षी’ हा आपला शब्द पाणिनीपासून ‘प्रत्यक्ष पाहणारा’ या अर्थाचा आहे, आणि वेदान्ताने तर त्याला अलिप्ततेचा अर्थ देऊन ठेवला आहे. मुंडकोपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी फळ न खाता केवळ पाहत राहणारा जो पक्षी, तो या साक्षीचा आदर्श होय. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोन विरुद्ध स्थिती आहेत. ग्रीक अर्थाने साक्षी तो, जो वाळूवर उभा आहे. आपल्या दार्शनिक अर्थाने साक्षी तो, जो वर बसून पाहतो आणि ज्याला काहीच लागत नाही. हौतात्म्यावरील चित्रपट पहिल्या साक्षीची कथा दुसऱ्या प्रकारच्या साक्षीला विकतो, असे कठोरपणे म्हणता येईल. दुसऱ्याला खरोखरच काही लागत नाही काय, हे मात्र तपासावे लागते.

यासाठी रोमन प्रेक्षणाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. इ. स. ६४ मधील आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांना कसे मारले, याचे टॅसिटसने केलेले वर्णन सर्वपरिचित आहे. जनावरांची कातडी पांघरवून त्यांना कुत्र्यांकडून फाडवले गेले, क्रूसांवर चढवले गेले, अंधार पडल्यावर दिव्यांच्या जागी पेटवले गेले. नीरोने त्यासाठी आपले उद्यान खुले केले आणि रथचालकाच्या वेषात तो स्वतः गर्दीत मिसळला. या वृत्तान्तात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, टॅसिटसला ख्रिस्ती लोकांविषयी तिळमात्र ममत्व नाही. ते कठोर शिक्षेस पात्रच आहेत असे तो मानतो. तरीही, हे लोक सार्वजनिक हितासाठी नव्हे तर एका माणसाच्या क्रौर्याखातर मारले जात आहेत असे वाटून बघ्यांच्या मनात अनुकंपा उपजली, असे तो नोंदवतो. दुसरी गोष्ट वेषांतराची. मरणारे जनावराच्या कातड्यात आहेत आणि मारणारा सारथ्याच्या पोशाखात. शिक्षेला नाटकाचे रूप दिले गेले आहे.

हे नाट्यीकरण अपवादात्मक नव्हते. कोलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांवर, म्हणजे इ. स. ८० च्या सुमारास, मार्शलने ज्या लघुकविता रचल्या त्यांतून दिसते की देहान्ताची शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला पुराणकथेतील वा नाटकातील एखादी भूमिका देऊन ती भूमिका जगता जगता खरोखर मारण्याची पद्धत रोममध्ये होती. लॉरिओलस नावाच्या दरोडेखोराचे पात्र रंगभूमीवर क्रूसावर जाई. रिंगणात ते पात्र करणारा माणूस सचमुच क्रूसावर गेला आणि अस्वलाने त्याला फाडले. अनुकरण आणि घटना यांतील जे अंतर ॲरिस्टॉटलपासून काव्यशास्त्राचा पाया मानले गेले, ते अंतर येथे नष्ट करण्यात आले होते. रोमचा बिशप क्लेमेंट याच्या नावावर असलेल्या, पहिल्या शतकाच्या अखेरीच्या पत्रात ख्रिस्ती स्त्रियांना दिर्के आणि डॅनाइड कन्यांच्या रूपात छळले गेल्याचा उल्लेख येतो. दिर्के म्हणजे ग्रीक कथेतील ती राणी, जिला बैलाच्या शिंगांना बांधून मारण्यात आले.

दिर्केचे पुढे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. पोलिश कादंबरीकार हेन्रिक सिएन्किएविच याच्या ‘क्वो व्हादिस’ (१८९६) या कादंबरीच्या उत्कर्षबिंदूवर लिगिया ही नायिका एका प्रचंड रानबैलाच्या शिंगांना बांधून रिंगणात आणली जाते आणि तिचा बलदंड सेवक उर्सस बैलाची मान मोडून तिला सोडवतो. हेन्रिक सिएमिराद्स्की या चित्रकाराने १८९७ मध्ये ‘ख्रिस्ती दिर्के’ नावाचे भव्य चित्र रंगवले; त्यात मेलेल्या बैलावर निश्चेष्ट पडलेला स्त्रीदेह आहे आणि नीरो त्याच्याकडे निरखून पाहत उभा आहे. मर्विन लरॉय यांच्या १९५१ मधील ‘क्वो व्हादिस’ या हॉलीवूडपटात तीच लिगिया खांबाला बांधलेली आहे आणि उर्सस बैलाशी झुंजतो आहे. रोमनांनी एका ख्रिस्ती स्त्रीवर जी भूमिका बळजबरीने लादली होती, ती भूमिका एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील ख्रिस्ती कलेने श्रद्धेच्या नावाने जपली, हा विपर्यास साधा नव्हे. पोशाख उतरवला गेला, भूमिका तशीच राहिली.

याच पार्श्वभूमीवर कार्थेजमधील एका घटनेचे महत्त्व जाणवते. ७ मार्च २०३ रोजी तेथील रिंगणात विबिया पर्पेतुआ ही सुमारे बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली स्त्री काही साथीदारांसह मारली गेली. तिने तुरुंगात स्वतः लिहिलेली टिपणे, तिचा सहकैदी साटुरस याने सांगितलेला दृष्टान्त आणि अज्ञात संपादकाने जोडलेला मृत्युवृत्तान्त अशी तिपेडी संहिता आज उपलब्ध आहे. त्या वृत्तान्तानुसार दारापाशी पुरुषांना सॅटर्नच्या पुरोहितांचा आणि स्त्रियांना सेरेसच्या सेविकांचा वेष चढवण्याचा प्रयत्न झाला. पर्पेतुआने त्यास ठाम नकार दिला. आपण प्राण देण्यास आलो आहोत ते याच करारावर की असे काही करावे लागू नये, असा तिचा युक्तिवाद होता, आणि रोमन अधिकाऱ्याने तो मान्य केला. मरणाला तिचा नकार नव्हता. नकार होता तो पात्र होण्याला. हुतात्म्याचे साक्षित्व नेमके कोठे असते, याचे याहून नेमके उत्तर नंतरच्या ग्रंथांत क्वचितच सापडेल.

चित्रपट मात्र वेषभूषेवाचून उभा राहूच शकत नाही. हा त्याच्यावरील आक्षेप म्हणून मांडणे बालिशपणाचे ठरेल. कोणतेही नाट्य पात्रांवर चालते आणि १९३२ च्या चित्रीकरणात कोणी मेले नव्हते. रोमनांनी नष्ट केलेले अनुकरण व घटना यांतील अंतर चित्रपट पुन्हा प्रस्थापित करतो, हे त्याच्या बाजूने निःसंशय म्हणता येते. आक्षेप असेल तर तो भूमिकांच्या वाटपावर आहे. या वाटपात गर्दीच्या वाट्याला काय येते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१९५१ च्या ‘क्वो व्हादिस’मध्ये गर्दी निर्दोष आहे. पीटर उस्तिनोव्ह यांनी रंगवलेला नीरो लहरी, भित्रा, स्वतःच्या सुमार काव्यावर लुब्ध असा आहे. सारे क्रौर्य त्याच्या एकट्याच्या ठायी एकवटले आहे. उर्ससच्या विजयानंतर लोक लिगियाच्या बाजूने उभे राहतात, नायक रिंगणात उतरून गाल्बाच्या आगमनाची घोषणा करतो आणि सम्राटाची सत्ता डळमळते. टॅसिटसने नोंदवलेली अनुकंपा येथे बंडात रूपांतरित झाली आहे. महायुद्ध नुकतेच संपले होते. एक हुकूमशहा आणि त्याने फसवलेली जनता हे समीकरण त्या काळाला सोयीचे होते. इतिहास या समीकरणाला दुजोरा देत नाही. स्मर्ना येथे वृद्ध बिशप पॉलिकार्पच्या मृत्यूची मागणी प्रेक्षागारातील जमावाने केली होती. इ. स. १७७ मध्ये लिओँ येथील छळाची सुरुवात रस्त्यावरील लोकांनी केली, असे तेथील ख्रिस्ती मंडळीच्या पत्रावरून कळते. शासनाचा वाटा बरेचदा निरुत्साही कारकुनी स्वरूपाचा होता. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनीने ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात एका त्रस्त प्रशासकाची चिंता दिसते. सम्राटही उत्तरात, या लोकांना शोधत फिरू नये आणि निनावी तक्रारींना थारा देऊ नये असे सांगतो. साम्राज्यभर सर्वांना लागू होणारी सक्ती प्रथम डेसियसच्या कारकिर्दीत, २४९–५० मध्ये आली. त्याआधीची दोन शतके छळ तुरळक, स्थानिक, आणि म्हणूनच शेजाऱ्यांकडून होणारा होता. गर्दीला मोकळे सोडणारा चित्रपट पडद्यासमोरच्या गर्दीलाही मोकळे सोडतो.

डमिल यांच्या चित्रपटाचे मोल येथे जाणवते. तो अभिरुचीच्या दृष्टीने ‘क्वो व्हादिस’हून भडक आहे. विल्सन बॅरेटच्या १८९५ मधील नाटकाचा कृतक भावुकपणा त्याच्या संवादांतून पाझरतो. पॉपियाचे गाढविणीच्या दुधातील स्नान आणि मर्सियाला मोहात पाडण्यासाठी योजलेले नृत्य हे प्रसंग कोणत्या हेतूने आले आहेत, याविषयी कोणाचीही दिशाभूल होणार नाही. पण रिंगणाच्या दृश्यमालिकेत त्याने एक गोष्ट केली आहे जी अधिक सभ्य चित्रपटांनी टाळली. तो पुनःपुन्हा प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो. फुलांनी बांधलेल्या तरुणीकडे जनावर सरकू लागते आणि ऐन क्षणी कॅमेरा वर वळतो. कोणी पुढे झुकले आहे, कोणी तोंड फिरवले आहे, कोणाला कंटाळा आला आहे, कोणाच्या चेहऱ्यावर उघड कामुक उत्तेजना आहे. चार्ल्स लॉटन यांचा नीरो या चेहऱ्यांमधील एक चेहरा आहे, त्यांचे कारण नव्हे. चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला जी उत्कंठा त्या क्षणी वाटत असते, तिचेच रूप त्याच्यासमोर धरले जाते. नेमके जे पाहायचे ते दिसत नाही. दिसतो तो ते पाहणारा.

हे आरसा दाखवणे जाणूनबुजून आहे की हिंसा न दाखवता तिचा स्वाद वाढवण्याची ती एक युक्ती आहे, याचा निर्णय चित्रपटाच्या अंतर्गत पुराव्यावरून करता येत नाही, आणि कदाचित करण्याचे कारणही नाही. आरसा हेतूवाचूनही आरसाच असतो. त्याची मर्यादा दुसरीकडे आहे. आरशात दिसणारा माणूस टोगा नेसलेला आहे. चित्रपटगृहातील प्रेक्षक त्याला ओळखत नाही. तो त्याच्याकडे पाहून स्वतःच्या सभ्यतेची खात्री करून घेतो. चित्रपटाविरुद्ध कॅथलिक वर्तुळांतून जी ओरड झाली आणि १९३३–३४ मध्ये ‘लीजन ऑफ डीसन्सी’ या संघटनेच्या स्थापनेस जी कारणे घडली त्यांत या चित्रपटाचीही गणना होते. त्या ओरडीचा मुख्य रोख नृत्यावर होता. रिंगणाच्या पायऱ्यांवरील चेहऱ्यांत स्वतःला पाहण्याचे मात्र बहुतेकांनी टाळले. पुढे पुनःप्रदर्शनासाठी चित्रपटाला जी कात्री लागली तीत नृत्याबरोबर रिंगणातील भागही कापले गेले, आणि मूळ स्वरूपातील चित्रपट १९९० च्या दशकापर्यंत सहजी पाहायला मिळत नव्हता.

पाहणाऱ्याच्या अपराधाचा विचार प्रारंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी अधिक निष्ठुरपणे केला होता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस टर्टुलियनने खेळतमाशांवर स्वतंत्र पुस्तिका लिहून ख्रिस्ती माणसाने रिंगणाकडे फिरकू नये असे बजावले. पाहणे ही निरुपद्रवी क्रिया आहे हे त्याला मान्य नाही. परंतु याच पुस्तिकेच्या अखेरीस तो वाचकाला एक मोठा तमाशा कबूल करतो: अंतिम निवाड्याच्या दिवशी राजे, तत्त्ववेत्ते, नट, सारथी आगीत तळमळताना पाहण्याचा. नीत्शेने ‘नीतीची वंशावळ’ (१८८७) या ग्रंथात हा उतारा उद्धृत करून ख्रिस्ती प्रेमाच्या मुळाशी दडलेल्या सुडावर बोट ठेवले. नीत्शेचा निष्कर्ष अतिव्याप्त असला तरी निरीक्षण बिनतोड आहे. टर्टुलियनने आसन बदलले. आस्वाद बदलला नाही.

ऑगस्टीनने सांगितलेली अलिपिअसची हकिगत अधिक सूक्ष्म आहे. मित्रांनी ओढून रिंगणात नेलेला हा तरुण डोळे घट्ट मिटून बसतो. देह येथे असला तरी मन येथे नाही, असा त्याचा निर्धार असतो. तेवढ्यात कोणीतरी पडतो, गर्दीची आरोळी उठते, आणि कुतूहलाने त्याचे डोळे उघडतात. खाली पडलेल्या ग्लॅडिएटरला देहावर झाली त्याहून मोठी जखम या पाहणाऱ्याच्या आत्म्याला झाली, असे ऑगस्टीन म्हणतो. वेदान्ताचा साक्षी येथे पराभूत होतो. अलिप्त पाहणे रिंगणात अशक्य आहे, कारण तेथे कोणीही एकटा पाहत नाही. आरोळी कानांतून शिरते आणि डोळे उघडते. तरीही ऑगस्टीनने पाहण्यावर सरसकट बंदी घातली नाही. हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी त्यांचे वृत्तान्त चर्चमध्ये वाचले जात, आणि त्या प्रसंगीच्या प्रवचनांत तो या वाचनाला रंगमंडपातील तमाशाच्या जागी ठेवतो: हे अंतश्चक्षूंनी पाहायचे प्रेक्षण आहे.

अंतश्चक्षूंचा हा मार्ग चित्रपटाला बंदच आहे असे समजण्याचे कारण नाही. १९१० च्या सुमारास मुंबईतील चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पडद्यावर जे नाही ते पाहणारा असा प्रेक्षक बघ्याच्या व्याख्येत बसत नाही. पण या दर्शनात तडजोड आहे. भक्ताचे डोळे दैवताशी मिळतात, आणि फाळक्यांनी ज्याला पाहिले तो परमेश्वर होता. रिंगणातील बांधलेल्या, अनाम तरुणीचे दर्शन कोणी घेत नाही.

मृत्यू न दाखवण्याचा पर्याय काव्यशास्त्राला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. अंकात युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा प्रत्यक्ष दाखवू नये, ते प्रवेशकाच्या द्वारे सुचवावे, असे नाट्यशास्त्र सांगते. ग्रीक शोकात्मिकेतही बहुधा दूत येऊन मृत्यूची वार्ता सांगतो. भासाने ‘ऊरुभंगा’त हा निर्बंध मोडला, यावरून तो नियम होता हे अधिकच स्पष्ट होते. डमिल यांचे मिटणारे दार याच औचित्याचे उदाहरण म्हणता आले असते. परंतु नाट्यशास्त्राचा निर्बंध नायकापुरता नाही. मरण कोणाचेही असो, ते अंकाबाहेर जावे. ‘द साइन ऑफ द क्रॉस’मध्ये औचित्य दर्जानुसार लागू होते. मर्सिया आणि मार्कस यांना दार मिळते, इतरांना वाळू. हेन्री कोस्टर यांच्या ‘द रोब’ (१९५३) या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटातही मार्सेलस आणि डायना दरबारातून मरणाकडे चालत जातात आणि त्यांच्यामागे आकाश पसरते. ‘क्वो व्हादिस’ची लिगिया तर वाचतेच. रोमन कायद्याने नागरिकाला तलवारीचे स्वच्छ मरण आणि इतरांना श्वापद, आग व क्रूस असा जो भेद केला होता, तो हॉलीवूडने नकळत जसाच्या तसा उचलला आहे.

हा भेद केवळ चित्रपटाचा नव्हे. वर उल्लेखिलेल्या प्लिनीच्या पत्रात, सत्य काढून घेण्यासाठी त्याने सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केल्याचे तो सहज सांगून जातो. त्यांची नावे त्याला नोंदवावीशी वाटत नाहीत. या संदर्भात पर्पेतुआच्या वृत्तान्ताचा संपादक काय करतो हे पाहावे. पकडलेल्यांची नावे देताना तो रेवोकाटस आणि त्याच्यासोबतची गुलाम स्त्री फेलिसिटास यांची नावे सर्वांत आधी घेतो. चांगल्या घरच्या, शिकलेल्या पर्पेतुआचे नाव त्यानंतर येते. तिचे कुल, विवाह, आईवडील यांचा तपशील तो देतो, पण यादीचा क्रम मोडत नाही.

हा संपादक निर्दोष आहे असे मात्र नाही. टर्टुलियनच तो असावा असा एक जुना तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. त्याचा वृत्तान्त देहांवरून नजर फिरवतो. पर्पेतुआ आणि फेलिसिटास यांना विवस्त्र करून जाळ्यांत गुंडाळून आणले गेले, तेव्हा एक नाजूक तरुणी आणि दुसरी नुकतीच बाळंत झालेली, स्तनांतून दूध ठिबकणारी, असे पाहून खुद्द गर्दी शहारली आणि त्यांना परत नेऊन वस्त्रे देण्यात आली, हे तो तपशिलाने सांगतो. वाचकाला तो तेच दाखवतो जे पाहून गर्दी शहारली. शुद्ध संहिता येथेही नाही. पण त्याने एका ठिकाणी जे केले आहे त्याला तोड नाही. जखमी हुतात्म्यांचा शेवट आडोशाला व्हायचा असतो. जमाव त्यांना मध्यभागी आणण्याची मागणी करतो, आणि संपादक त्या मागणीचा हेतू सांगतो: देहात तलवार शिरताना डोळेही त्या हत्येचे भागीदार व्हावेत म्हणून. वृत्तान्त लिहिणारा स्वतः डोळ्यांनी पाहून लिहीत आहे आणि वाचणारा त्याच्या डोळ्यांनी पाहत आहे, हे ठाऊक असताना त्याने हा आरोप संहितेत ठेवला आहे. डमिल यांच्या कॅमेऱ्याने जे आरशाच्या साहाय्याने केले ते येथे एका उपवाक्यात झाले आहे. आणि येथला आरसा टोगा नेसलेला नाही.

दुसरा फरक नजरेच्या दिशेचा आहे. चित्रपटातील बळी वर पाहत नाहीत. ते आकाशाकडे, जनावराकडे किंवा एकमेकांकडे पाहतात. कार्थेजच्या वृत्तान्तात मरणारे पाहणाऱ्यांकडे पाहतात. आदल्या दिवशी कैद्यांचे शेवटचे जेवण बघायला जमलेल्या लोकांना साटुरस बजावतो की आमचे चेहरे नीट लक्षात ठेवा, म्हणजे त्या दिवशी ओळखता येतील. रिंगणात शिरताना पर्पेतुआच्या डोळ्यांतील तेजापुढे सर्वांच्या नजरा खाली गेल्या, असे संपादक म्हणतो. साटुरसच्या बोलण्यात टर्टुलियनी सुडाचा वास आहे हे नाकारता येणार नाही. पण त्यात आणखीही एक अर्थ आहे: जो पाहिला जात आहे तो पाहणाऱ्याची साक्ष काढतो. न्यायालयातील स्थिती उलटते. आणि काही जण खरोखरच जागा बदलतात. तुरुंगाचा अधिकारी पुडेन्स श्रद्धावान होतो. मरताना साटुरस त्याची अंगठी मागून घेतो, आपल्या रक्तात बुडवतो आणि परत देतो. पाहणारा आणि मरणारा यांच्या दरम्यान एक वस्तू हातोहात जाते.

डमिल यांच्या चित्रपटात जागा बदलणारा माणूस आहे, तो मार्कस. छळाचा अधिकारी असलेला तो प्रेक्षागार सोडून रिंगणाकडे चालू लागतो. त्याच्या बाबतीत श्रद्धेच्या आधी प्रेम येते यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुडेन्सच्याही बाबतीत कैद्यांविषयीचा आदर आधी आला होता. चित्रपटातील हा सर्वांत गंभीर क्षण आहे, कारण पाहणाऱ्याने पाहिले जाण्याची जोखीम पत्करण्याचा हा क्षण आहे. दार मिटते ते नेमके येथे. प्रेक्षकाला ज्याच्या मागोमाग जावे लागले असते त्याच्या पाठीमागे ते मिटते.

पर्पेतुआनेही एका दाराशी लेखणी ठेवली होती. खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचे आपण लिहिले आहे, प्रत्यक्ष खेळांत जे घडेल ते ज्याला इच्छा असेल त्याने लिहावे, असे म्हणून ती थांबते. स्वतःचे मरण दाखवण्याचा अधिकार ती दुसऱ्याला देते, पण मोकळा ठेवून. आज्ञा करत नाही, विनवणी करत नाही. संपादकाने ते काम तिचीच इच्छा वा जणू अंतिम आज्ञा म्हणून पत्करले, आणि तसे करताना स्वतःच्या अपात्रतेचा उल्लेख केला.

१९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असताना, ‘द साइन ऑफ द क्रॉस’ पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला एक नवा प्रारंभ जोडण्यात आला. अमेरिकी विमान रोमवरून उडत आहे. विमानातील सैनिक आणि धर्मोपदेशक खाली पसरलेल्या नगरीविषयी, तेथे पूर्वी घडलेल्या छळाविषयी बोलत आहेत. तेथून कथा नीरोच्या काळात जाते. प्रेक्षकाचे आसन आता पायऱ्यांवरून उचलून आकाशात नेले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९ जुलै १९४३ रोजी, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी रोमच्या सान लोरेन्झो भागावर बाँब टाकले होते. त्यात तेथील रहिवासी मोठ्या संख्येने मारले गेले आणि त्या भागाला ज्याच्यामुळे नाव मिळाले ती बॅसिलिकाही उद्ध्वस्त झाली. ती २५८ मध्ये व्हॅलेरियनच्या छळात मारल्या गेलेल्या लॉरेन्स या हुतात्म्याच्या थडग्यावर उभी आहे.